पाकिटावरचे नाव

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या (१७७७-१८३२) काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. या राजांनी धन्वंतरी महाल स्थापला, रोग्यांची हकीकत लिहवून घेतली आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही काढवून घेतली. या नोंदींचा विचार करताना आम्हांस हल्ली एकच प्रश्न पडतो: ज्याचा डोळा इतक्या काळजीने पाहिला, त्याला त्याची खरी अवस्था कोणी सांगितली असेल काय?

डोळ्याचा विकार निदान दिसतो. स्वादुपिंडाचे तसे नाही. जठराच्या मागे, कण्याच्या पुढ्यात आडवे पडलेले हे सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचे इंद्रिय अन्न पचविणारे रस आणि इन्सुलिन निर्माण करीत मुकाट्याने राबत असते. त्याचा कर्करोगही बहुधा असाच मुकाट्याने वाढतो. कावीळ दिसू लागते, वजन उतरते, पाठीत कळ येते, तोवर शस्त्रक्रियेची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते.

म्हणून मनुष्य परीक्षांकडे धाव घेतो. परंतु परीक्षांनाही मर्यादा आहेत. अमायलेज आणि लायपेज यांवरून मुख्यतः स्वादुपिंडाचा दाह कळतो. सीए १९-९ हे द्रव्य कर्करोगात वाढते खरे, पण पित्तनलिका तुंबल्यानेही वाढते. आणि काही माणसांच्या रक्तात ते जन्मतःच तयार होत नाही. यास्तव धडधाकट माणसांनी केवळ धास्तीपोटी ही परीक्षा करून घेऊ नये, असाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. निकटच्या आप्तांत हा रोग झालेला असेल किंवा आनुवंशिक दोष असेल, तर गोष्ट वेगळी. ज्याला कावीळ झाली आहे त्याला मात्र सी. टी. स्कॅन आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीतून सुईने घेतलेला तुकडा यांवाचून गत्यंतर नाही. तेथे जाणणे हे कर्तव्यच होय. पण जाणायचे कोणी?

आमचे मामा टपाल खात्यातून निवृत्त होऊन येथील मेल वीथीत राहत. त्यांच्या तपासणीचा अहवाल आणावयास आम्हीच गेलो होतो. कचेरीत दिवसभर कागद वाचणाऱ्या माणसाला तो समजण्यास वेळ लागला नाही. मामेभावांशी फोनवर बोलून आम्ही ठरविले की मामांना काही सांगावयाचे नाही. “पित्ताचा खडा आहे,” असे आम्ही त्यांना सांगितले आणि पाकीट कपाटात ठेवून दिले. अप्रिय सत्य बोलू नये हे सुभाषित अशा वेळी फार उपयोगी पडते.

तीन आठवड्यांनी मामांनी विचारले, “पाकिटावर नाव कुणाचं आहे रे?”

आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्याचे टपाल उघडणे म्हणजे काय, हे त्यांना आम्ही सांगावयाचे नव्हते. पाकीट त्यांच्या हाती दिले. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि होता तसा घडी घालून ठेवला. मग ते म्हणाले, “बंगळूरला ताईला भेटून आलो असतो.” तीन आठवड्यांपूर्वी ते गाडीत बसू शकले असते, आता ते शक्य नव्हते. मावशींशी ते फोनवर बोलले, तेवढेच.

सत्याने माणूस खचतो, असे आम्ही मानले होते. मनोहर पर्रीकरांना हाच रोग असल्याचे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढे ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाच पर्रीकरांनी अर्थसंकल्प मांडला, आणि १७ मार्च रोजी ते निवर्तले. एवढे धैर्य सर्वांच्या ठायी असेल असे नाही, आणि ते असलेच पाहिजे असा आग्रहही कोणी धरू नये. “मला सांगू नका,” असे म्हणण्याचा हक्क रोग्याला आहेच. परंतु तो हक्क त्याने बजावावयाचा असतो. आम्ही त्याच्या वतीने परस्पर बजावला.

वस्तुतः या पेचाला एक साधी वाट आहे. निकाल हाती आल्यावर काय सांगावे याचा खल आपण करतो. तेव्हा मात्र भीती आणि माया दोन्ही आपल्या बुद्धीवर स्वार झालेल्या असतात. रक्त काढण्यापूर्वीच रोग्याला विचारावे: “जे निघेल ते तुम्हांला सांगायचे, की आणखी कोणाला?” त्याने जे सांगितले असेल त्याप्रमाणे वागावे. कचेरीत ज्याच्याविषयी फाईल आहे त्याला विचारल्यावाचून निर्णय झाला, तर आम्ही त्याला अन्याय म्हणतो. घरात त्यालाच आम्ही प्रेम म्हटले.

मामांवरचे आमचे प्रेम खोटे नव्हते. पण बंगळूरची ती एक फेरी आमच्याकडून त्यांना देणे राहिली, ती राहिलीच.