कबऱ्या अंगाचा रंग: एक की अनेक?

कॉकर स्पॅनियल कुत्र्यांत रंगांची विविधता मोठी. ठिक्कर काळे, सोनेरी, तांबडे, चॉकलेटी असे एकरंगी कॉकर असतात, तसे पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे मोठे डाग असलेले कबरेही असतात. काहींच्या काळ्या अंगावर भुवया, गाल, छाती आणि पंजे तेवढे तांबूस. 'रोन' प्रकारात पांढरे आणि रंगीत केस इतके मिसळलेले असतात की काळ्या रोनचे अंग लांबून निळसर करडे दिसते. रिचर्ड निक्सन यांनी १९५२च्या दूरचित्रवाणी भाषणात ज्याचा उल्लेख केला तो 'चेकर्स' काळा-पांढरा कबरा कॉकर होता. त्याचा रंग 'काळा आणि पांढरा' म्हटला की व्यवहारात भागते. पण एकाच अंगाला दोन रंग असू शकतात का, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानातल्या न्याय-वैशेषिक परंपरेने गंभीरपणे घेतला आणि त्यावर शतकानुशतके वाद घातला.

अडचण त्या दर्शनाच्या मांडणीतूनच उभी राहते. रूप, म्हणजे रंग, हा गुण, आणि गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो. शिवाय अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अख्खी वस्तू, ही अवयवांची नुसती बेरीज नसून वेगळे द्रव्य आहे. म्हणजे केस, कातडी, पाय यांच्याहून 'कुत्रा' निराळा. त्या अवयवीचे स्वतःचे रूप असले पाहिजे, कारण ज्याला रूप नाही ते द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. झाडाच्या फांदीवर माकड बसले तर माकडाचा संयोग फांदीशी असतो, बुंध्याशी नसतो. संयोग असा आश्रयाच्या एका भागात राहू शकतो. रूपाचे तसे नाही. जुन्या नैयायिकांच्या मते रूप आपल्या आश्रयाला सगळीकडून व्यापते. मग कबरा कुत्रा काळा म्हणावा तर पाठीवरचा पांढरा भाग आड येतो, पांढरा म्हणावा तर कान आड येतात, आणि रूपच नाही म्हणावे तर तो दिसायलाच नको.

यावरचा जुना तोडगा म्हणजे चित्ररूप. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला सातवा 'चित्र'. हे सातही प्रकार पृथ्वीद्रव्यात आढळतात आणि प्राण्याचे शरीर पार्थिवच असते. म्हणून कबऱ्या कुत्र्याला दोन रंग नाहीत, एकच आहे, आणि तो कबरा. चित्र हे काळ्या-पांढऱ्याचे मिश्रण नव्हे, काळ्याइतकाच स्वतंत्र रंग आहे, ही त्या मताची खरी ताकद.

नव्य नैयायिकांना हे पटले नाही. रूपही आश्रयाच्या एका भागात राहू शकते असे मानले तर सातव्या रंगाची गरजच उरत नाही, असे त्यांचे म्हणणे. विश्वनाथांच्या 'न्यायसिद्धांतमुक्तावली'त हे मत मांडताना उदाहरण येते तेही जनावराच्या अंगावरच्या खुणांचे. श्राद्धविधीत सोडायच्या 'नील' वृषाचे लक्षण स्मृतीत दिले आहे: अंग तांबडे, तोंड आणि शेपूट पांढुरके, खूर आणि शिंगे पांढरी. शास्त्रच एका बैलाचे रंग जागा दाखवून सांगते, तेव्हा एका द्रव्यात अनेक रंग मानायला हरकत कसली?

कॉकरच्या बाबतीत नव्यांची बाजू पहिल्या नजरेला वरचढ ठरते. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्यालगत उपजतात आणि तिथून अंगभर पसरतात. जिथे त्या पोचत नाहीत तिथला केस पांढरा उगवतो. छाती, पोट आणि पंजे ही त्यांच्या वाटेवरची शेवटची ठिकाणे. हा रंगद्रव्याचा अभाव आहे, रूपाचा नव्हे. पांढरा केसही दिसतोच. डागाला कडा आहे, जागा आहे, त्यावर बोट ठेवता येते. रोनपाशी मात्र हे उत्तर तोकडे पडते. रोन पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर स्वच्छ पांढरे भाग असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांत रंगीत केस भरत जातात. निळ्या रोनचा एकेक केस पाहिला तर तो काळा तरी असतो किंवा पांढरा तरी. निळसर एकही नाही. तो निळसरपणा दुरून होणारा भ्रम म्हणून सोडून देता येईल, पण ज्या अंतरावरून कुत्रा अख्खा दिसतो त्याच अंतरावर हा रंगही दिसतो. अवयवी खरा मानायचा असेल तर इथे जुन्यांचे चित्ररूप अधिक न्याय्य वाटते.

अमेरिकी प्रदर्शनांचे नियम नकळत दोन्ही मते वापरतात. तिथे कॉकरचे तीन वर्ग आहेत: काळा, काळ्याखेरीज इतर एकरंगी, आणि बहुरंगी. बहुरंगी कुत्र्यात मुख्य रंगाने ९० टक्के किंवा अधिक अंग व्यापले तर कुत्रा बाद. काळ्या कुत्र्यावरच्या तांबूस खुणा १० टक्क्यांहून जास्त झाल्या तरी बाद. ही जागेची मोजणी झाली, म्हणजे नव्यांचा मार्ग. रोन मात्र सरसकट बहुरंगी वर्गात घेतला जातो, म्हणजे जुन्यांचा मार्ग.

हे वर्ग म्हणजे न्यायदर्शनातल्या अर्थाने जाती, म्हणजे अनेक व्यक्तींत मुळातच असलेले समान धर्म, नव्हेत, हे त्याच दर्शनाच्या कसोटीवर दाखवता येते. उदयनाचार्यांनी जातीला बाधक गोष्टी सांगितल्या, त्यांत संकर येतो: दोन धर्म एकमेकांना छेदत असतील आणि कुठलाच दुसऱ्यात पुरता सामावत नसेल, तर त्यांना जाती म्हणता येत नाही. काळे अंग लॅब्रॅडॉरलाही असते आणि तांबड्या कॉकरला नसते. दोन काळ्या कॉकरांत तांबड्या रंगाचे जनुक दडलेले असेल तर त्यांना तांबडे पिल्लू होऊ शकते आणि सख्खी भावंडे वेगवेगळ्या वर्गांत जातात. रंग इथे उपाधी आहे, वरून लागलेला धर्म. एकरंगी कुत्र्याच्या छातीवरचा जरासा पांढरा ठिपका चालतो आणि पंजावरचा चालत नाही, हाही माणसांनी आखलेल्या रेषेचा भाग. कुत्र्यात त्याने काही उणे होत नाही.

एका ठिकाणी मात्र रंग अंगाच्या आत पोचतो. रंगद्रव्याच्या त्याच पेशी आतल्या कानातही लागतात. तिथे त्या नसतील तर पिल्लू जन्मतःच बहिरे निघू शकते, आणि एकरंगी इंग्लिश कॉकरपेक्षा कबऱ्यांत हे बहिरेपण अधिक आढळते.