एकाचा हिशेब

मोजणे म्हणजे जाणणे नव्हे, असे आपण सहज बोलून जातो. पण मोजल्यावाचून तरी कितीसे जाणता येते? किहीमच्या वाड्यांतून हिंडताना हा प्रश्न मला हटकून सुचतो, कारण त्याचे एक उत्तर याच गावाने दिलेले आहे.

१९३० साली पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली येथे राहत होते. हाती नोकरी नव्हती. मात्र घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आडोशाला बसून त्यांनी दिवसचे दिवस नोंदी केल्या. कोणते घरटे कुणी विणले, मादी केव्हा आली, तिने कोणते पसंत केले. या हिशेबातून भलतेच निघाले! विणकर नर. तो अर्धे घरटे विणून थांबतो. मादीने पसंत केले की ते पुरे करतो, आणि लगोलग दुसरीसाठी नवे घरटे विणायला घेतो. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या सारे श्रेय बिचाऱ्या सुगरणीला देत आलो!

सुगरण निदान एका झाडावर सापडते. रात्री चालणाऱ्या बिबट्याची वाट कशी मोजावी? आता त्याच्या गळ्यात पट्टा बांधतात. उपग्रहांच्या साहाय्याने तो पट्टा ठरावीक तासांनी बिबट्याचे ठिकाण टिपतो. मधले तास अंधारातच. तेथे संख्याशास्त्रज्ञ पुढे सरसावतो. टप्प्यांची लांबी आणि वळणांचे कोन तो मांडतो. लांब, सरळ टप्पे म्हणजे मजल मारणे. आखूड, वळणावळणाचे म्हणजे भक्ष्याचा शोध किंवा विसावा. शेवटी तो नकाशावर एकच रेघ ओढीत नाही. येथून गेल्याचा संभव अधिक, तेथून कमी, असे सांगतो. उत्तराबरोबर आपली संभाव्य चूकही सांगणारे हे शास्त्र मला मोठे प्रामाणिक वाटते.

पण प्रामाणिकपणाने सारे भागत नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासासाठी त्याला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. वयामुळे त्याचे नाव पडले 'आजोबा'. महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडीत, सुमारे १२० किलोमीटर चालून आजोबा मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचले. २०११ साली मुंबईजवळच्या हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने त्यांचा अंत झाला.

एका बिबट्यावरून साऱ्या बिबट्यांचे अनुमान काढू नये, असे संख्याशास्त्र बजावते. ते खरेच आहे. शास्त्राला तो अनेकांतला एक नमुना. पण त्याच्यापाशी जीव एकच होता. मग न विचारता त्याच्या गळ्यात आपले कुतूहल बांधण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मला वाटते, हा अधिकार नव्हे, ही उधारी आहे. जनावर आपली वाट आपल्याला उसनी देते. त्या वाटेवर रस्ता आखताना खालून भुयारी मार्ग सोडला, वाहनांना आवर घातला, तरच ती फिटते. नाहीतर नकाशा कितीही अचूक असो, तो बुडव्या ऋणकोचा कागद ठरतो.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांची पूजा होते. जुनी बाकी नव्या वहीत ओढावीच लागते. आजोबांची बाकी अजून आपल्या नावावर आहे.