नम्रता आणि लाचारी

नम्र असावे व एकमेकांची सेवा करावी, हा उपदेश आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वारंवार होत असतो. उपदेश योग्यच आहे. परंतु तो ऐकणारे कोण, ह्याचाही विचार उपदेशकांनी केला पाहिजे. आमच्या पुष्कळ बंधुभगिनींच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहून, वरिष्ठांपुढे जोहार घालीत दिवस काढिले. त्यांच्या लेकराबाळांस "लीन व्हा" असे सांगितले, म्हणजे त्यांच्या मनात सहज येते की, जे जू आम्ही टाकून दिले तेच आता धर्माच्या नावाने पुन्हा आमच्या मानेवर ठेविले जात आहे काय? ही शंका रास्त आहे, व तिचे उत्तर दिल्यावाचून नम्रतेविषयी बोलणे व्यर्थ होय.

आमचे उत्तर असे की, नम्रता व लाचारी ह्या अगदी भिन्न गोष्टी आहेत. लाचारी दुसरा आपणावर लादतो. नम्रता आपण आपखुशीने पत्करितो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग पाहा. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात प्रथम हे सांगतो की, पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे व आपण देवापासून आलो आहो, हे येशूस ठाऊक होते. हे ठाऊक असताच तो भोजनावरून उठला व चाकराचे काम करू लागला. आपली योग्यता विसरून तो वाकला नाही. ती पूर्णपणे जाणून वाकला. ज्यास आपण देवाचे लेकरू आहो हे कळले, त्यालाच खरोखर वाकता येते. इतरांस केवळ वाकविले जाते.

पौलाच्या चरित्रात हाच भेद स्पष्ट दिसतो. फिलिप्पै शहरी त्याला व सीलाला चौकशी न करिता फटके मारून बंदिशाळेत घातले. रात्री भूमिकंप होऊन दारे उघडली, तरी ते पळाले नाहीत. कैदी पळाले असे समजून बंदिशाळेचा नायक जीव देऊ लागला, तेव्हा पौलाने त्यास हाक मारून वाचविले. पण सकाळी अधिकाऱ्यांनी "निघून जा" असा निरोप धाडिला, तेव्हा तोच पौल निघेना. आम्हांस उघडपणे मारिले, आता गुपचूप काय घालविता? स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्या, असे त्याने कळविले. आणि अधिकाऱ्यांस यावे लागले. पुढे ह्याच शहरच्या मंडळीस त्याने नम्रतेविषयीचे आपले प्रसिद्ध पत्र लिहिले! तात्पर्य, जो संकटात आहे त्याच्यापुढे वाकणे व जो अन्याय करितो त्याच्यापुढे ताठ उभे राहणे, ही दोन्ही एकाच अंतःकरणाची कामे होत. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, ते नम्रतेस सोडून झाले असे कोणाही ख्रिस्ती मनुष्याने म्हणू नये. देवाने सर्वांकरिता दिलेले पाणी मागणे हा गर्व नव्हे.

परंतु, वाचकहो, येथे अर्धाच विचार झाला. ज्याने वरच्यापुढची लाचारी टाकिली, त्यास खालच्यापुढची नम्रता आपोआप येते असे नाही. काल ज्यास वाकविले, तोच आज दुसऱ्यास वाकवितो, असे पुष्कळदा घडते. शेतावरून येताच सुनेने पायांवर पाणी घालावे ही आमची रीत; पण दिवसभर तीही शेतात राबली, मग तिला तांब्याभर पाणी कोण देतो? सर्वांच्या मागून उरलेसुरले कोण खाते? मजुरास त्याचे वय न पाहता "अरे-तुरे" कोण करितो? आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही की, प्रभूच्या मेजाजवळ एकच भाकर मोडून उठलेले लोक सोयरीक करावयाच्या वेळी अमका पूर्वीचा महार व तमका पूर्वीचा मांग, असा हिशेब काढितात. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कायदा विहिरीपर्यंत जातो, चुलीपर्यंत जात नाही. तेथे ख्रिस्ताच्या शिष्यानेच गेले पाहिजे.

साहेब, पाळक अथवा सरपंच ह्यांच्यापुढे हात जोडणाऱ्यास आम्ही एवढ्यावरून नम्र म्हणत नाही. ती रीतभात झाली, कधी कधी स्वार्थही असतो. जो आपल्या हाताखाली आहे व ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, ह्यात नम्रतेची परीक्षा आहे. उपदेशक बंधूंनी हे आधी आपल्या घरी करून पाहावे. आजारी पत्नीची भांडी घासावी. मंडळीतील म्हातारी उभी असेल तर स्वतः उठून तिला बसावयास द्यावे. ज्या घरी इतर लोक पाणी घेत नाहीत तेथे मागून पाणी प्यावे. ह्यात कोणाची मान खाली जात नाही. आणि पुढच्या प्रभुभोजनास जाण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी विचारावे: माझ्या घरात असे कोण आहे, की ज्याचे पाय अद्याप कोणीच धुतले नाहीत?