समुदायाची मात्रा आणि एकाचे यकृत

नैयायिकांनी जाती (म्हणजे वर्ग) आणि व्यक्ती यांचा जो भेद केला, तो अमळनेरास 1916 साली श्रीमंत प्रतापशेठ यांनी स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिराला शोभणारा विषय खरा; परंतु त्याच खानदेशातील एखाद्या पोल्ट्रीच्या पाण्याच्या टाकीत प्रतिजैविक मिसळले जाते तेव्हा तोच प्रश्न अधिक निकडीने उभा राहतो. औषध दिले जाते समुदायाला, आणि भोगतो एकेक जीव.

मात्रा ठरते पक्ष्यांच्या एकूण वजनावरून, निरोगी यकृत गृहीत धरून. पण भिजलेल्या मक्याला बुरशी लागली की त्यात ॲफ्लाटॉक्सिन उपजते. 1960 साली इंग्लंडात भुईमुगाच्या पेंडीपायी टर्की पक्षी दगावले, त्यातून ज्याचा छडा लागला तेच हे विष, आणि त्याचा मुख्य घाव यकृतावर. मग प्रतिजैविकांपैकी एन्रोफ्लॉक्सॅसिनचे रूपांतर आणि टायलोसिनचे पित्तावाटे उत्सर्जन ही कामे मंदावू शकतात. रक्तातील प्रथिने घटल्याने त्यांना चिकटून राहणारे डॉक्सिसायक्लिन अधिक प्रमाणात मोकळे राहते. (जेंटामायसिनचा निकाल मूत्रपिंडे लावतात, तो अपवाद.) त्यात आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे ज्याच्यासाठी औषध, त्याच्याच पोटात ते कमी जाते, आणि गेलेले लवकर निघत नाही. यकृताची शक्ती मोजणारी एखादी सोपी चाचणी नसल्यामुळे मात्रा किती घटवावी, याचा ठरीव हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही.

चरकाने औषध देताना देश, काळ आणि बळ पाहावयास सांगितले, ते एका रोग्यापुढे बसलेल्या वैद्याला. हजारो पक्ष्यांपुढे उभ्या असलेल्या पशुवैद्याला ती सवड कोठली? 2006 च्या फेब्रुवारीत, पूर्वी धुळे जिल्ह्यात मोडणाऱ्या नवापुरात देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ उद्भवली, पुढील महिन्यात ती जळगाव जिल्ह्यातही आढळली, आणि सरकारी हुकमाने निरोगी-आजारी असा भेद न करता पक्षी मारले गेले. ते अपरिहार्य होते. परंतु साथीचा न्याय रोजच्या उपचाराला लावणे हा मला निव्वळ बौद्धिक आळस वाटतो. मेलेला पक्षी उघडून यकृत पाहण्याइतका पंचनामा झालाच पाहिजे, कारण व्यक्तीची साक्ष तेवढीच उरते.

कापण्यासाठीच पाळलेल्या जिवाला कसला न्याय, असे कोणी विचारील. मरण ठरलेले असणे हा पीडा देण्याचा परवाना नव्हे. शिवाय औषध आणि विक्री यांमध्ये सोडावयाची मुदत सामान्यतः निरोगी पक्ष्यांवरूनच ठरविलेली असते, तेव्हा रुग्ण यकृतातील अवशेष खाणाऱ्याच्या ताटात येऊ शकतो. म्हणून पोल्ट्रीवाल्यांना विनंती की, बुरशीचा मका आधी काढावा, औषध पशुवैद्याला विचारूनच द्यावे, आणि यकृत बिघडलेले आढळल्यास विक्री पशुवैद्याच्या सल्ल्याने पुढे ढकलावी.