सोबत आणि भाकर

ख्रिस्ती श्रद्धा आणि ख्रिस्ती समाज संकटात आधार देतात, हे विधान इतक्यांदा केले जाते की त्याचा अर्थ तपासायचा राहून जातो. प्रार्थनेने मन शांत होते, उपासनेला ओळखीची माणसे भेटतात, घरात आजारपण आले की पाळक किंवा धर्मगुरू येऊन जातात, एवढे सर्वांना ठाऊक असते. महाराष्ट्रात मात्र या विधानाला एक दुसरे वाक्य कायमचे चिकटले आहे: ‘पोटासाठी बाटले.’ दुष्काळात, प्लेगात किंवा वैधव्यात ज्यांना ख्रिस्ती मंडळीत आसरा मिळाला, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही हे वाक्य ऐकावे लागते. त्यामागे एक गृहीतक असते. भुकेच्या वेळी धरलेली श्रद्धा खोटी आणि पोट भरलेले असताना धरलेली तेवढी खरी, असे ते गृहीतक. गरज ही जणू लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. ख्रिस्ती आधाराचे स्वरूप समजून घ्यायचे तर या गृहीतकाला बगल देऊन चालत नाही.

आधार या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदतात. एक मदत आणि दुसरी सोबत. मदतीत ज्याच्याजवळ आहे तो ज्याच्याजवळ नाही त्याला देतो. पैसे, धान्य, औषध, ओळखीने लावलेली नोकरी. ती मोजता येते, आणि काम झाले की संपते. सोबतीचे तसे नाही. एखाद्या घरी कर्ता माणूस गावाला गेला की शेजारचे कोणीतरी रात्री ‘सोबतीला’ झोपायला जाते. ते माणूस तिथे काही करत नाही. चोर आलाच तर त्याच्याच्याने अडवला जाईल असेही नसते. तरी त्याच्या असण्याने घरातल्यांना झोप लागते. संकटातल्या श्रद्धेबद्दल ख्रिस्ती शास्त्रात जे सर्वांत खोल आहे, ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहे.

जुन्या करारातील इयोबाची कथा पाहावी. मुले, गुरेढोरे, आरोग्य, सगळे गेल्यावर त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्द बोलत नाही. त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम हेच. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात, इयोबाच्या दुःखाची कारणे सांगू लागतात, त्याच्या पापाचा शोध घेतात आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा रोष ओढवून घेतात. तक्रार करणाऱ्या इयोबाला देव आपलासा म्हणतो. देवाची बाजू लढवणाऱ्या मित्रांना तसे म्हणत नाही. ‘देवाची इच्छा’ असे सांगून शोकाकुल माणसाला गप्प करणारे आजही प्रत्येक मंडळीत भेटतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण ज्या ग्रंथाचा ते हवाला देतात तोच ग्रंथ त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. स्तोत्रसंहितेतही विलापगीते भरपूर आहेत, आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी कुठलाही दिलासा नसताना. ते वगळावे असे कोणाला वाटले नाही, ही ख्रिस्ती परंपरेची मोठी जमेची बाजू आहे.

नव्या करारात मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात. दाराशी गर्दी असल्याने ती छपरावर चढतात, छप्पर उसकतात आणि त्याला बाजेसकट खाली येशूसमोर सोडतात. मजकूर असा आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. अंथरुणावरच्या माणसाचा विश्वास किती होता याची चौकशी कुठे नाही. संकटात माणसाची श्रद्धा डळमळते, कधी पार विझते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. ख्रिस्ती समाजाचा सर्वांत मोठा उपयोग अशा वेळी होतो. ज्याला प्रार्थना करवत नाही त्याच्या वतीने दुसरे करतात. श्रद्धा ही एकट्याची कमाई असती तर हे शक्य झाले नसते.

मराठी प्रोटेस्टंट परंपरेने चर्चसाठी जो शब्द निवडला तो याच अर्थाकडे नेतो. मूळ ग्रीक शब्द बोलावून एकत्र आणलेल्यांच्या सभेसाठी वापरला जाई. मराठी बायबलमध्ये त्याच्या जागी ‘मंडळी’ आला. कॅथलिक मराठीत ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात, आणि तोही नेमका शब्द आहे, पण त्याला घरचा वास नाही. मंडळी हा शब्द वारकऱ्यांच्या फडापासून नाटक कंपनीपर्यंत सगळीकडे फिरून आलेला आहे. ‘काय मंडळी’ म्हणून पारावर हाक मारतात; ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंब; जुन्या पिढीतले पुरुष बायकोचे नाव न घेता तिला ‘आमची मंडळी’ म्हणत. अशा शब्दात इमारत मावत नाही, माणसेच मावतात. अहमदनगरच्या खेड्यापाड्यांत चर्चला इमारत नसतानाही मंडळी होती. झाडाखाली, कोणाच्या ओसरीवर, टाळ-मृदंगाच्या साथीने रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने म्हणत ती जमत असे. कीर्तन आणि अभंग या रूपांना टिळकांनी ख्रिस्ती आशय दिला. त्यामुळे दुःखाच्या वेळी या माणसांना परक्या सुरात रडावे लागले नाही.

मृत्यूच्या प्रसंगी ही सोबत कशी चालते ते वसईपासून मराठवाड्यापर्यंत थोड्याफार फरकाने सारखे आहे. निरोप पोचताच माणसे येऊ लागतात. चूल शेजारी पेटते. कॅथलिक घरात जपमाळेची प्रार्थना सुरू होते, प्रोटेस्टंट घरात शास्त्रवाचन आणि गीते. दफनानंतरच्या संध्याकाळी घर रिकामे राहू देत नाहीत. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक दफनभूमीत फुले आणि मेणबत्त्या घेऊन कुटुंबे जमतात; ज्याच्या घरी त्या वर्षी कोणी गेले आहे त्याच्याजवळ थांबून मगच लोक पुढे सरकतात. यातले बरेचसे हिंदू आणि मुसलमान शेजारीही करतात, आणि शेजारधर्म ही काही एका धर्माची मालमत्ता नाही. ख्रिस्ती मंडळीतही हे कर्तव्य म्हणून सांगितलेले आहे. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे, आणि अवघ्या तीन वचनांनंतर प्रत्येकाने स्वतःचा भार वाहावा असेही म्हटले आहे. दोन्ही वाक्ये एकाच पानावर राहू दिली आहेत.

इथवर सोबत मोठी आणि मदत दुय्यम, असा निष्कर्ष निघतो, आणि ‘पोटासाठी बाटले’ या आरोपाला उत्तरही सोपे होते: श्रद्धेचा गाभा भाकरीत नव्हताच. पण त्या आरोपाचे गंभीर रूप एवढ्याने शमत नाही. ते रूप महात्मा गांधींनी मांडले. १९३०च्या दशकात ‘हरिजन’मधून त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले की मिशनऱ्यांनी दवाखाने आणि शाळा जरूर चालवाव्यात, पण सेवेच्या आड धर्मांतराचा हेतू ठेवू नये. सेवा ही सेवाच असावी. या मागणीमागची नैतिक जाणीव खरी आहे. भुकेल्याला निवड नसते. त्याच्या हातात एकाच वेळी भाकर आणि पुस्तक ठेवले तर त्याने पुस्तक कशासाठी घेतले हे त्यालाही सांगता येणार नाही.

गांधींचा युक्तिवाद जिथे अपुरा पडतो ती जागा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी १८७०च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. त्या वेळी कुटुंब तीर्थयात्रा, व्रते आणि दानधर्म करतच उपाशी मेले. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १८८३ साली, इंग्लंडमधील वाँटेज येथे, तेव्हा त्या उपाशी नव्हत्या. नंतर लिहिलेल्या साक्षीत तर त्यांनी सांगितले आहे की बाप्तिस्म्याने धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षे जावी लागली. भूक, बाप्तिस्मा आणि अंतरीचा विश्वास या तीन घटना तीन वेगळ्या काळातल्या. पोटासाठी धर्म हे सूत्र इथे कोणत्याच टोकाने लागू पडत नाही. त्याच वाँटेजमध्ये, त्याच १८८३ साली, रमाबाईंसोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली, हेही नोंदवले पाहिजे. एकाच छताखाली एका स्त्रीला आधार मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही. ख्रिस्ती समाज आपोआप कोणाला तारतो असे म्हणणाऱ्याने ही घटना विसरू नये.

लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी आणखी वेगळी. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्यावर जे कोसळले ते ख्रिस्ती धर्मामुळेच कोसळले, आणि त्यानंतरच्या काळात त्यांना सांभाळले ते त्यांच्या हिंदू नातलगांनी. पुढे त्या पतीकडे राहायला गेल्या त्याही आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवून. स्वतः विचार करून, पायरी पायरीने जातिभेदाचा त्याग केल्यावर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या समाजाने त्यांचे घर मोडले असे त्यांना वाटले होते, त्याच समाजात त्यांनी पुढे अनाथ मुले वाढवली. १९३४पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सारे आहे. भाकरीचा तिथे प्रश्नच नव्हता.

पण रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघी शिकणाऱ्या-लिहिणाऱ्या, स्वतःची बाजू मांडू शकणाऱ्या स्त्रिया. गांधींचा आक्षेप ज्यांच्याबद्दल आहे त्या वेगळ्या आहेत. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. १८९९-१९००च्या दुष्काळानंतर रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या सुमारे २,०००वर गेली. त्या मुलींना कोणी विचारले नव्हते, आणि विचारले असते तरी ‘इथे राहीन’ याखेरीज काय उत्तर देता आले असते? मुक्ती हे उघडपणे ख्रिस्ती घर होते. इथे गांधींचा प्रश्न टाळता येत नाही, आणि त्याला पूर्ण उत्तरही नाही.

तरीही केडगावसमोर मदत आणि सोबत हा सुरुवातीचा भेदच डळमळू लागतो. दुष्काळातल्या मुलीजवळ सात दिवस मुकाट बसून राहणारा मित्र तिला मरू देईल. तिच्यासाठी सोबतीचा पहिला अर्थ कण्हेरी असाच होता. भाकर वेगळी आणि श्रद्धा वेगळी, असे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात. मिशनवर टीका करणारेही आणि श्रद्धेचे शुद्धत्व जपणारे ख्रिस्तीही. हा भेद पोट भरलेल्यांना परवडतो. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानीच एक भाकर आहे, मोडलेली आणि वाटलेली, आणि तिच्यातले अन्न कुठे संपते व प्रभू कुठे सुरू होतो यावर पंथापंथांत शतकानुशतके वाद झाले. मग दुष्काळातल्या अनाथ मुलीने ती रेघ अचूक ओढून दाखवावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तेव्हा तपासायचे ते हे नाही की भाकरीबरोबर श्रद्धा आली का. ज्याने भाकर खाल्ली त्याला पुढे भाकर वाटण्याची जागा मिळाली का, हे तपासायला हवे. घेणारा कायमचा घेणाराच राहिला तर गांधी बरोबर ठरतात. तिथे आश्रितपणा तयार होतो, आणि आश्रिताची श्रद्धाही आश्रित असते. वसईच्या कॅथलिक समाजाने १९१८ साली सुरू केलेली सहकारी पतव्यवस्था, आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक, या दृष्टीने कित्येक धर्मादाय निधींहून मोलाची आहे, कारण तिथे आजचा ठेवीदार उद्याचा कर्जदार असतो आणि कोणाला मान खाली घालावी लागत नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानामने आपल्या सोबत्यांसह सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी गावोगावच्या धर्मग्रामांत काम करते, आणि गरिबाच्या घरी स्वतः जाण्यावर तिचा भर असतो. पण भेट देणारा आणि भेट घेणारा यांच्या जागा तिथे क्वचितच बदलतात.

हीच कसोटी जातीला लावली की ख्रिस्ती समाजाचे सर्वांत मोठे अपयश दिसते. अहमदनगर भागात मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. ज्या देशात अस्पृश्याच्या हातचे पाणी चालत नव्हते तिथे एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून घेण्याचा संस्कार ही केवढी गोष्ट होती. तरी तमिळनाडूत काही गावी दलित ख्रिस्तींची दफनभूमी आजही वेगळी आहे. मरणाच्या वेळी ज्या समाजाने जवळ यायचे, तोच भिंत घालतो. बाहेरून राज्यसंस्थाही भर घालते: १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले आणि पुढे शीख व बौद्ध यांचा समावेश झाला तरी ख्रिस्ती बाहेरच राहिले. ‘पोटासाठी बाटले’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मांडून पाहावा. या लोकांच्या बाबतीत धर्म बदलल्याने सवलती गेल्या, मिळाल्या नाहीत.

केडगावला मात्र जागा बदलल्या. मुक्तीत छापखाना होता, आणि रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकमधून मराठीत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे दुष्काळातून आलेल्या आणि तिथेच वाढलेल्या स्त्रियांनी केली. भाषांतर जाणूनबुजून साध्या भाषेत होते, खेड्यातल्या बाईला कळेल असे. १९२१ साली रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा वारली. तेव्हा रमाबाईंना कोणी मदत करावी अशी परिस्थिती नव्हती आणि मदतीने भरून निघण्यासारखे ते नव्हते. त्यांच्याभोवती होत्या त्या या स्त्रिया, ज्यांना त्यांनी कधीकाळी कण्हेरी पाजली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छपाईचे राहिलेले काम त्या स्त्रियांनी पुढे चालू ठेवले आणि पूर्ण केले.