भोग कोणाचा, कर्म कोणाचे?

केळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादेतून, किंवा मराठवाड्यातील अशाच एखाद्या तालुक्याच्या गावाहून, चुलीच्या भडक्याने भाजलेल्या स्त्रीला जेव्हा आधी जालन्याच्या सिव्हिलमध्ये आणि तेथून पुढे संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवावे लागते, तेव्हा तिच्या आप्तांना भय वाटत असते ते अग्नीचे. परंतु अग्नी आपले काम काही क्षणांत उरकून गेलेला असतो, आणि शिरेवाटे दिलेल्या क्षारजलावर पहिले दोन-तीन दिवस निभावले, तरी त्यानंतर खरे संकट पुवाच्या आणि तापाच्या रूपाने उभे राहते. त्वचा ही देहाची तटबंदी. ती जळाली की मृत थरात रक्त खेळत नाही, आणि पोटातून वा शिरेवाटे दिलेले औषध रक्तावाटेच जात असल्यामुळे जेथे त्याची निकड असते तेथेच ते पोहोचत नाही. ओलसर नळांत आणि मोऱ्यांत राहणारा स्युडोमोनास, खाटेच्या कोरड्या कठड्यावरही आठवडेच्या आठवडे तग धरणारा ॲसिनेटोबॅक्टर, असे जंतू मग त्या जखमेवर वस्ती करतात. आणि एकामागून एक प्रतिजैविक निष्फळ ठरत गेले म्हणजे, मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून पूर्वी जवळजवळ टाकून दिलेले कोलिस्टिन वैद्याला नाइलाजाने हाती घ्यावे लागते. तेही लागू पडले नाही, तर वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसांच्या तोंडून एकच शब्द येतो : भोग.

ज्याच्यावर दुःख कोसळले आहे त्याने प्रारब्धाचा आधार घेतला, तर त्याचा अधिक्षेप करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तोच शब्द इतरांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, उच्चारावा काय, हा धर्मविचाराचा प्रश्न आहे आणि तो टाळता येण्याजोगा नाही. कारण त्या स्त्रीच्या जखमेतील जंतू औषधाला जुमानीनासे झाले, ते तिच्या कोणत्याही कृतीने नव्हे. कोणी साध्या पडशाला, ज्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही, मेडिकलमधून दोन गोळ्या मागून घेतल्या; कोणी पाच दिवसांचे औषध दुसऱ्याच दिवशी बंद केले; कोणी कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळले; कोणी एका रोग्याची पट्टी बदलून हात न धुता दुसऱ्याच्या खाटेशी गेला. यांतून जे जंतू तगले त्यांनी आपली प्रतिकारशक्ती केवळ आपल्या संततीलाच नव्हे, तर भिन्न जातीच्या जंतूंनाही बहाल केली. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या या धोक्याची सूचना देऊन ठेवली होती.

आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताची मांडणी करताना दोन दोष कटाक्षाने वर्ज्य मानले आहेत : केलेल्या कर्माचे फळ बुडणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ पदरी येणे हा अकृताभ्यागम. येथे दोन्ही दोष एकाच खाटेपाशी एकत्र येतात, कारण गोळी वाया घालवणारा इसम सुखरूप घरी आहे आणि जिने काहीच केले नाही ती जळिताच्या वॉर्डात आहे. तिच्या पूर्वजन्मीच्या संचिताकडे बोट दाखवून शास्त्री या दोषाचा परिहार करतील; परंतु त्या परिहाराची किंमत अशी, की काल-परवा केलेले, डोळ्यांदेखतचे कर्म जबाबदारीतून मुक्त होते आणि अदृश्य कर्म आरोपी ठरते. ज्या सिद्धान्ताचा सारा जीव जबाबदारीच्या जाणिवेत आहे, त्याचा असा विनियोग मला अधर्म्य वाटतो.

टिळकांनी गीतारहस्यात कर्मविपाकाचा विचार करताना तो एकट्या व्यक्तीपुरता ठेवलेला नाही. कुटुंब, समाज, राष्ट्र यांनाही आपापल्या कर्माची फळे चुकत नाहीत, असे त्यांनी मांडले आहे. ही दृष्टी स्वीकारली, की कोडे उलगडते : कर्म समाजाचे आहे, फळही समाजालाच येत आहे, फक्त ते उतरते त्या देहावर, ज्याची तटबंदी ढासळलेली आहे. मग लोकसंग्रह, म्हणजे समाजाचे धारण, हा शब्द प्रवचनापुरता राहत नाही. हात धुणे हे त्याचे आचरण ठरते आणि वैद्याने नाकारलेली गोळी न मागणे हेही. औषधांच्या गैरवापराला आळा बसावा म्हणून सरकारने नियम केले आहेत : मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंदवही दुकानदाराने ठेवावयाची असते, आणि २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यास मनाई झाली; परंतु नोंदवही दफ्तरात राहते आणि गोळी गिळावयाची की नाही याचा निर्णय घरात होतो.

एकाच्या कर्माचे फळ दुसऱ्याला मिळू शकते, याची एक उजळ बाजूही आहे, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दात्याच्या मांड्यांवरून व पाठीवरून काढलेला त्वचेचा पातळ थर जळितावर पांघरला, तर रोग्याची स्वतःची त्वचा येईपर्यंत तो जंतूंना अटकाव करतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा त्वचेची पेढी २००० सालापासून आहे. देह अक्षत असल्यावाचून सद्गती नाही, अशी धास्ती पुष्कळ घरांत असते. पण देवांसाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीचीची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या समाजाने ही धास्ती बाळगू नये. या प्रक्रियेत चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यसंस्कारही अडत नाहीत. आपल्या घरी हा विषय मृत्यूपूर्वीच, स्वस्थ चित्ताने, एकदा बोलून ठेवावा, एवढीच वाचकांना विनंती आहे.