विसाव्याचा हिशेब

काही वर्षांपूर्वी आमच्या वृद्ध आईला घेऊन आम्ही गोव्यातील एका पंचतारांकित विश्रामधामात तीन दिवस राहिलो. खर्च आमचा नव्हता. आम्ही ज्या कंपनीत नोकरीस होतो तिची वार्षिक परिषद तेथे भरली होती आणि घरातील एका माणसाला सोबत आणण्याची मुभा होती. आईने सारे आयुष्य वसईच्या वाडीत फुले खुडण्यात आणि पहाटेच्या गाडीने टोपल्या दादरला पोचवण्यात घालवले. समुद्र तिच्या घरापासून कोसभरही दूर नव्हता. परंतु समुद्राकडे नुसते पाहत बसण्यासाठी माणसे हजारो रुपये मोजतात, ही गोष्ट तिला ऐंशीच्या घरात गेल्यावर कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो आईने पलंगावरच्या चादरी झटकून घडी घातलेल्या, उशा रचून ठेवलेल्या आणि न्हाणीघर पुसून काढलेले. खोली साफ करायला आलेला मुलगा दारातच थबकला. मोडक्या हिंदीत तिने त्याला सांगितले, "बाबा, झालं सगळं, तू बस जरा." तो अजिजीने म्हणाला, "माँजी, असे करू नका. साहेबांना वाटेल मी काम टाळले." त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा क्रूस होता. झारखंडातील सिमडेगा जिल्ह्यातला तो कॅथलिक आदिवासी मुलगा. दिवस रविवारचा होता. आईने साहजिकच विचारले, मिस्साला कोणत्या देवळात जातोस? तो नुसता हसला. शनिवार-रविवार पाहुण्यांची गर्दी असते, त्याची सुट्टी मंगळवारी. नाताळात तर सुट्टीचे नावच काढायचे नाही.

त्या सकाळी देवळाच्या वाटेवर आई एवढेच म्हणाली, "म्हणजे आपला रविवार तो भरतो."

या वाक्याने आम्हांला त्या वेळी राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. तीन दिवसांच्या सुखात हा खडा कशाला? पण खडा दाताखाली आला तो आला.

चैनीविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, चैन म्हणजे पापाचे दार. तरुण म्हणतात, घाम गाळून मिळवले आहे, उपभोगले तर कोणाचे काय गेले? आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या पायावर उभे आहेत. दोघेही खर्चाचा आकडा मोजतात. खोलीचे भाडे दोन हजार असले तर विश्रांती आणि चाळीस हजार असले तर विलास, अशी काही सीमारेषा कोणत्याही नीतिशास्त्रात आखलेली नाही. दोन हजारांच्या खोलीतही माणूस उर्मटपणे वागू शकतो, आणि चाळीस हजारांच्या खोलीत एखादा आजारी मनुष्य डोळे मिटून देवाचे आभार मानू शकतो.

विश्रांती ही तर आज्ञाच आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ती 'सणवार पवित्र पाळ' अशा आटोपशीर रूपात पाठ केली. मूळ आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आहे आणि ती बरीच लांब आहे. तिच्यात मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि आपल्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस, अशी यादीच दिली आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तर कारणही सांगितले आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दास-दासींनाही विसावा मिळावा म्हणून. आज्ञा संक्षिप्त करताना नेमके नोकर आणि परके गळाले. आम्ही पाठ केली ती मालकापुरती उरलेली आज्ञा. खोली झाडणारा तो मुलगा दास होता, वेशीच्या आतला परका होता, आणि वर आपल्याच धर्माचा भाऊ होता. यादीतील दोन जागांवर तो बसत होता.

पाहुणचाराचा इतिहासही मोठा मासलेवाईक आहे. लॅटिन भाषेत 'हॉस्पेस' हा शब्द यजमान आणि पाहुणा या दोघांनाही लागू होई. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही सारी त्याच घराण्यातील नावे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जे नियम घालून दिले त्यांतील त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत साक्षात ख्रिस्ताचे म्हणून करावे, आणि गरीब व यात्रेकरू यांच्याकडे अधिक लक्ष पुरवावे, कारण श्रीमंतांचा मान राखला जातोच, असा त्याचा भावार्थ. आज नेमके उलटे झाले आहे. आणि गंमत अशी, की हे उलटे करणारी माणसे श्रीमंत नव्हती. १८४१ च्या जुलैत टॉमस कुक या बाप्तिस्त गृहस्थाने लेस्टरहून लफबरोला एक शिलिंगात सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली, ती दारूबंदीच्या सभेसाठी. १८९८ साली पॅरिसमध्ये ज्याच्या नावाचे हॉटेल उघडले, आणि ज्याचे नाव पुढे ऐश्वर्याचा पर्याय बनले, तो सेझार रिट्झ स्वित्झर्लंडमधील एका खेड्यातील शेतकऱ्याचे तेरावे अपत्य होता. सेवा करणाऱ्यांच्याच हातून ही विलासाची सृष्टी उभी राहिली.

गोव्यातील अग्वाद किल्ल्याचे नाव पाण्यावरून पडले आहे. येणारी-जाणारी जहाजे तेथील झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. १६१२ मध्ये पुरा झालेला हा पोर्तुगीज किल्ला. त्याच्या समुद्राकडील तटबंदीला लागून १९७४ साली ताज समूहाचे विश्रामधाम उभे राहिले, आणि १९८३ च्या नोव्हेंबरात दिल्लीत जमलेले राष्ट्रकुलाचे पुढारी विसाव्यासाठी तेथेच गेले. कामाचा प्रवास आणि मौजेचा प्रवास यांची सांगड घालण्याची रीत आज सर्वत्र दिसते, तिचे हे आपल्याकडचे एक नामांकित उदाहरण म्हणता येईल. मात्र तांडेलाला पाणी देणारी जागा आणि पोहण्याच्या तलावाला पाणी मागणारी जागा यांत फरक आहे. किनाऱ्यावरच्या गावांतून उन्हाळ्यात टँकर कोणाच्या फाटकात शिरतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो निराळा सांगायला नको.

मालदीवची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे १९७२ साली एका निर्मनुष्य बेटावर कुरुंबा हे पहिले विश्रामधाम सुरू झाले, आणि पुढे 'एक बेट, एक विश्रामधाम' हीच रीत पडली. पाहुण्यांचे बेट वेगळे, देशवासीयांचे वेगळे. २००९ मध्ये वस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी घरे चालवण्यास परवानगी मिळेपर्यंत सर्वसाधारण प्रवाशाने मालदीवला जाऊन मालदीवी माणसाच्या शेजारी मुक्काम करण्याचा प्रसंग क्वचितच येई. ४ डिसेंबर २०१४ रोजी राजधानी मालेमधील खारे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि लाखावर लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांतून आणि जहाजांतून पाणी पाठवले. विश्रामधामांची यंत्रे स्वतःची असल्याने तेथील पाहुण्यांना या टंचाईची झळ पोचली नाही. त्यांनी काही अपराध केला असे आम्ही म्हणत नाही. ज्या रचनेत शेजाऱ्याची तहान आपल्या कानावर येऊच शकत नाही, ती रचना मनुष्याच्या आत्म्याला हितकर आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. लाजराच्या गोष्टीतील श्रीमंत मनुष्याच्या दारात निदान लाजर पडलेला तरी होता.

आता कामानिमित्तच्या प्रवासाविषयी. येथे आम्ही स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहोत. कंपनीचा पैसा म्हणजे कोणाचाच नसलेला पैसा, अशी एक गोड समजूत नोकरदारांत असते. तो भागधारकांचा असतो, कारखान्यातील मजुरांच्या कष्टाचा असतो, शेवटी दुकानात साबणाची वडी घेणाऱ्या बाईचा असतो. त्या तीन दिवसांत आमच्या परिषदेची खरी कामकाजाची वेळ जेमतेम पाच तास होती, आणि परत आल्यावर अहवालात ती आम्ही 'तीन दिवसांचे चर्चासत्र' अशी लिहिली. ही गोष्ट आईला कधी सांगितली नाही.

हे लिहिताना जर्मनीतील लिम्बुर्गच्या बिशपांची आठवण होते. २०१२ च्या जानेवारीत फ्रान्झ-पीटर टेबार्ट्झ-फान एल्स्ट हे गरिबांसाठी चाललेले सेवाकार्य पाहण्यास भारतात आले, ते विमानाच्या पहिल्या वर्गातून. पत्रकाराने विचारले तेव्हा आपण बिझनेस वर्गाने गेलो असे त्यांनी सांगितले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये २० हजार युरो भरल्यावर मिटले. त्यांच्या निवास-संकुलाचा खर्चही ३ कोटी युरोंच्या पुढे गेल्याचे दिसून आले आणि मार्च २०१४ मध्ये त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला. दोन्ही वर्ग महागच. एकाऐवजी दुसऱ्याचे नाव का घ्यावेसे वाटले? आमच्या मते आसनाच्या रुंदीपेक्षा ही लपवाछपवी अधिक बोलते. उलट बाजूला पोप फ्रान्सिस. निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ मार्च २०१३ रोजी, ते रोममधील ज्या अतिथिगृहात उतरले होते तेथे जाऊन त्यांनी आपले सामान घेतले आणि बिल चुकते केले. पुढे एप्रिल २०२५ मधील मृत्यूपर्यंत ते व्हॅटिकनमधील सांता मार्ता या अतिथिगृहातच राहिले. ते काही झोपडे नव्हे, नीटनेटकी वास्तू आहे. पण तेथे ते इतरांबरोबर जेवत, आणि बिल कोणाचे आहे हे त्यांना ठाऊक असे.

मग जाऊच नये काय? हे उत्तर सोपे आणि म्हणून संशयास्पद वाटते. २०२० च्या टाळेबंदीत विश्रामधामे ओस पडली तेव्हा समुद्राला विसावा मिळाला असेल, पण खोल्या झाडणारी, भांडी घासणारी मुले पगाराविना गावी परतली. आईने पलंग नीट केला तेव्हा तिने त्या मुलाचे ओझे हलके केले नाही, त्याच्या पोटावर पाय येण्याची वेळ आणली होती. तिचा हात बरोबर होता आणि त्याची अजिजीही बरोबर होती. अशा ठिकाणी एकट्या माणसाचा चांगुलपणा अपुरा पडतो. पाळ्या कशा लावायच्या, रविवार कोणाला द्यायचा, पाणी कोठून आणायचे, हे मालक ठरवतो, आणि मालकाला पाहुण्याचेच शब्द ऐकू येतात. नोकराचे नाहीत. पाहुणा म्हणून आपल्या वाट्याला काही कर्तव्य येत असेल तर ते बहुधा येथे आहे, बक्षिसीच्या पाकिटात नव्हे. बक्षिसीने नोकर खूश होतो आणि पाहुणा त्याहून जास्त.

विमानांचा हिशेब निराळाच आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार प्रवासी विमानांतून निघणाऱ्या कर्बवायूपैकी सुमारे निम्मा वाटा जगातील जेमतेम १ टक्का माणसांच्या प्रवासाचा असतो. त्या एका टक्क्यात आपण नाही, असे म्हणून आम्ही बराच काळ स्वस्थ होतो. आता मुलगा परदेशी नोकरीस आहे, वर्षातून दोनदा ये-जा होते, आणि हिशेब करायचे धाडस होत नाही.

आई जाऊन आता चार वर्षे झाली. यंदा आमच्या विवाहाला चाळीस वर्षे होतात म्हणून मुलाने मालदीवची तिकिटे काढली आहेत. नाही म्हणून त्याचे मन मोडावे असे आम्हांला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर जाण्याची इच्छाही आहे. त्याला आम्ही एकच विनंती केली: खोली ठरवताना तेथील नोकरांना आठवड्याची सुट्टी केव्हा मिळते आणि ती त्यांना कोठे घालवता येते, हे विचारून घे. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. फोनवरच्या मुलीने त्याला तो प्रश्न पुन्हा विचारायला लावला, मग थोडे थांबून म्हणाली की असे अजून कोणी विचारले नव्हते, ती वरिष्ठांना विचारून कळवील.

अजून कळवलेले नाही. तिकिटे टेबलाच्या खणात आहेत.